टेलचं पाणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे जालना जिल्ह्यात सहलीला निघायची वेळ नव्हे. ऊन बेचाळिसाच्या वर, विहिरी तळाला, ज्यांना परवडतं त्यांच्या मोसंबीच्या बागा टँकरवर आणि मृग तोंडावर आलेला. पण अंबडजवळच्या या घरात सगळे एका वेळी जमण्याचे दिवस तेवढेच होते. पुण्याचा मोठा मुलगा बायको-पोरांसह आलेला, त्याची निम्मी रजा लॅपटॉपसमोर चाललेली. लेक नागपूरहून समृद्धी महामार्गानं दोन लेकरं घेऊन आलेली. धाकट्याचं अंबडला कृषी सेवा केंद्र. कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानापुढं रांगा लागायचे हे दिवस, त्यामुळं त्याला एका दिवसापलीकडं सवड नव्हती, आणि त्या एका दिवसातही फोन बंद ठेवणार नाही हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

मग महाबळेश्वर, कोकण ही नावं नुसती घेऊन झाली. आबांनी पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान सुचवलं. ते सगळ्यांनी दर वर्षीप्रमाणे ऐकून घेतलं. शेवटी मोठ्या सुनेनं मोबाइलवर जालना-अंबड रस्त्यावरचं एक रिसॉर्ट शोधून काढलं. दिवसभर स्विमिंग पूल, दुपारचं जेवण, रात्री हिरवळीवर ऑर्केस्ट्रा आणि खेळ, तिथंच मुक्काम, सकाळी नाश्ता करून परत. पोरांनी घर डोक्यावर घेतलं.

"माईला पण जरा आराम," मोठा म्हणाला.

"हो ना, तिच्यासाठीच तर," लेक म्हणाली.

"मी राहते घरी," माई म्हणाली. "म्हशीला कोण बघंल?"

पण तिच्यासाठी निघालेली सहल तिच्याविना कशी जाणार? म्हशीची सोय शेजारी झाली.

"जेवण पॅकेजमध्ये आहे, काही करत बसू नको," असं मोठ्यानं आदल्या रात्री बजावून ठेवलं होतं. माई पहाटे चारला उठली. धपाटे, कारळाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा, कैरीचं ताजं लोणचं, धाकट्याच्या बाळासाठी मऊ भात. सगळे उठले तेव्हा डबे भरलेले होते. "कुणी सांगितलं होतं?" असं म्हणत सगळ्यांनी त्यातले निम्मे धपाटे गाडीतच फस्त केले. रिसॉर्टच्या फाटकावर पाटी होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. उरलेले धपाटे पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या संपवले गेले. ते पॅकेजमधल्या जेवणापेक्षा सरस होते हे दुपारी कळलं, पण तोवर डबे रिकामे झाले होते.

आता आबांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

आबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. पैठणला 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसवली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. या दोन तारखा आबांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगल्या पाठ. धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. पैठणहून निघतो आणि अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडं जातो. या कालव्याच्या कडेनं आधी सायकल, मग राजदूत, मग हिरो होंडा फिरवण्यात आबांचं आयुष्य गेलं. कुणाचा पाण्यासाठीचा सात नंबरचा अर्ज आला, कुणाची पाणीपट्टी थकली, कुठल्या चारीचं दार कुणी रात्री फोडलं, हे त्यांना वहीशिवाय सांगता यायचं. आणि त्यांच्या सगळ्या नोकरीचं एकच दुखणं होतं: टेल. कालव्याच्या शेपटाकडचं शेवटचं शेत. तिथं पाणी पोचत नाही. कागदावर पोचतं, जमिनीवर पोचत नाही.

पूल मोठा छान होता, हे कबूल केलं पाहिजे. भर उन्हात निळं पाणी, वर हिरव्या जाळीची सावली, कडेला प्लास्टिकच्या आरामखुर्च्या. आबांनी खुर्ची गाठली आणि पाच मिनिटांत पंप चालवणाऱ्या पोराशी त्यांची गट्टी जमली. पाणी कुठलं? बोअरचं. रोज बदलता का? नाही आबा, तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरत राहतं, क्लोरीन टाकतो. उडालेलं आणि वाफेनं गेलेलं तेवढं वरून भरतो. आबांनी पावलं टाकून लांबी-रुंदी मोजली. वीस मीटर, दहा मीटर, खोली सरासरी सव्वा मीटर धरली. "अडीच लाख लिटर," ते मोठ्याला म्हणाले. "एका एकराची एक पाणीपाळी. एकदा भिजवण्यात जातं एवढं." मोठा तिथं थांबला नव्हता. तो उडी मारून मोकळा झाला होता.

ज्यांनी 2012-13चा दुष्काळ पाहिला, टँकरमागं हंडे घेऊन धावणारं जालना पाहिलं, त्यांना असल्या निळ्या पाण्याकडं बघून थोडं अपराधी वाटतं. मला वाटतं. आबांना मात्र वाटलं नाही. एका एकराच्या पाण्यात दिवसाला शंभर लेकरं खेळत असतील तर हिशेब वाईट नाही, असं त्यांचं मत पडलं. पाणी वापरण्याबद्दल आबांची कधीच तक्रार नसे, त्यांची तक्रार वाटणीबद्दल असे.

पुलाशेजारी दुसरी पाटी होती. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा; सुती कपडे, साडी, ओढणी यांना मनाई. त्यामागचं कारण रास्त आहे. सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि पाच-सहा वार कापड पाण्यात पायांभोवती गुंडाळलं गेलं तर पोहणाराही बुडतो. मोठ्या सुनेनं पुण्याहून पोशाख आणले होते. धाकटीनं आणि लेकीनं काउंटरवर अनामत भरून भाड्यानं घेतले, आधी लाजल्या, मग एकमेकींना बघून पोट धरून हसल्या. पुरुषांना काही अडचण नव्हतीच. माई जांभळ्या काठाच्या पातळात खुर्चीवर बसली. तिला पोशाख हवा का, हे कुणी विचारलं नाही. तसं न विचारण्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग सामान यायला लागलं.

लॉकरला पन्नास रुपये पडत होते. "कशाला? माई आहे की." पहिल्यांदा मोठ्याचा फोन आणि गाडीची किल्ली आली. मग मोठ्या सुनेचा चष्मा, तिचं घड्याळ, सनस्क्रीनची बाटली. लेकीनं मंगळसूत्र काढून माईच्या हातात दिलं, "कमरेला खोच गं, पर्समध्ये नको." धाकटीनं कानातले रुमालात बांधून दिले. धाकट्यानं फोन दिला आणि वर कामही दिलं: "माई, डीलरचा फोन आला तर सांग, संध्याकाळी करतो. बाकीच्यांचा आला तर उचलू नको." डीलर कोणता आणि बाकीचे कोणते, हे नावं वाचून ओळखायचं होतं आणि तिचा चष्मा घरी राहिला होता. नवऱ्याचं पाकीट. पोरांचे चपलांचे जोड. कोरडे टॉवेल एका ढिगात, ओले दुसऱ्या ढिगात. बाळाची दुधाची बाटली आणि शेवटी बाळ. "अर्धा तास बघ गं माई, आम्ही आलोच."

अर्धा तास म्हणून गेलेली माणसं पाण्यातून अर्ध्या तासात येत नसतात. दर थोड्या वेळानं कुणीतरी काठाशी यायचं. माई, टॉवेल. माई, माझा गॉगल. माई, याला शू लागली. माई, आमचा फोटो काढ ना. तो गोल दाब. माईनं गोल दाबला, व्हिडिओ सुरू झाला, सगळे हसले.

लाइफगार्ड म्हणून एक सडपातळ पोरगा गळ्यात शिट्टी घालून फिरत होता. ही गंमत तो बराच वेळ बघत असावा. माईजवळ येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही नाही उतरत?"

"या पातळात कोण उतरू देतंय मला? तू कुठला रे?"

"शहागडच्या पुढं, नदीकाठचा."

माईचा चेहरा बदलला. "मपलं माहेर तिकडलंच की."

मग पुढची वीस मिनिटं माईनं जे सांगितलं ते तिनं गेल्या चाळीस वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पाठीला वाळका दुध्या भोपळा बांधून भावानं तिला गोदेत ढकललं होतं, तेव्हा ती सहा-सात वर्षांची. पुढच्या सालात भोपळा सुटला. दहा-अकराची होईतो ती दिवाळीनंतरच्या वाहत्या पाण्यात हा काठ सोडून पलीकडच्या काठाला हात लावून परत येत असे. तेव्हा अलीकडचा काठ औरंगाबाद जिल्ह्यात आणि पलीकडचा बीडमध्ये. जालना जिल्हा व्हायला 1981 उजाडायचं होतं. "सरळ जायचं नाही," ती म्हणाली. "धार खाली ओढते. वरच्या अंगाला तोंड करायचं, तेव्हा कुठं समोर लागतो माणूस."

"मग सुटलं कसं?"

"धरण झालं पैठणला. नदी उन्हाळ्यात डोहापुरती राहू लागली. आणि मला पदर आला." ती हसली. "मपल्या गोदेचं पाणी कालव्यात गेलं आणि मी कालव्यावाल्याच्या घरात."

हे ऐकायला आणखी एक जण होतं. मोठ्याची चिमी, वय नऊ. ती मघापासून पाण्याला घाबरून आजीच्या खुर्चीमागं ओल्या अंगानं बसली होती. पुण्यात उन्हाळी वर्गाला पैसे भरून झाले होते, पण कडेचा बार सोडायची तिची छाती होत नव्हती. माई बाळाला कडेवर घेऊन काठावर बसली, पातळ पोटरीपर्यंत वर घेतलं, पाय पाण्यात सोडले. "आधी तोंड पाण्यात घालून श्वास सोड. फुर्रर्र कर, म्हशीवानी. घ्यायचं वर, सोडायचं खाली. पाणी तुला उचलतं का नाही ते बघ, तू त्याला उचलू नको." लाइफगार्ड शेजारी उभा राहिला. पाऊण तासानं चिमी बार सोडून पाच-सात हात तरंगत गेली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकली आणि पुन्हा निघाली.

"अरे! कुणी शिकवलं?" तिचा बाप लांबून ओरडला.

"आजीनं!"

"आजीनं? आजीला कुठं येतं पोहायला!" सगळे हसले, आणि कांदाभज्यांच्या प्लेटी आल्या म्हणून तिकडं वळले. माईही हसली. ओल्या टॉवेलांचा ढीग तिनं उन्हात पसरून टाकला.

दुपारच्या जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पनीर होतं.

रात्री हिरवळीवर माळा लागल्या, ऑर्केस्ट्रानं जुनी हिंदी गाणी धरली. जालन्याचे रोलिंग मिलवाले, बियाणं कंपन्यांचे अधिकारी, परभणीकडचं एक लग्नाळू घराणं, असे पंधरा-वीस परिवार जमले होते. मोठ्या सुनेनं आणि लेकीनं मनसोक्त नाचून घेतलं. आबांनीसुद्धा एका गाण्यावर हात वर केले. मग निवेदक आला. टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'नं 2004 पासून महाराष्ट्रात पैठणीच्या खेळांची अशी काही साथ पसरवली की आता गणेश मंडळापासून हॉटेलाच्या हिरवळीपर्यंत कुठंही मायक्रोफोन दिसला की बायका पदर खोचतात. इथला खेळ थोडा निराळा होता. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या हाती पाटी द्यायची, तिनं उत्तर लिहून पाटी उलटी धरायची, आणि घरच्यांनी तिचं उत्तर ओळखायचं. तीन बरोबर आली की पैठणी.

माईला ओढून पुढं बसवलं गेलं.

"पहिला प्रश्न! आईंचा आवडता पदार्थ?"

"पुरणपोळी!" दोघे मुलगे एकदम ओरडले. त्यांना शंकाच नव्हती. दर सणाला ती इतक्या मनापासून करते. माईनं पाटी फिरवली. पिस्त्याचं आइस्क्रीम. गर्दी खूश झाली.

"दुसरा प्रश्न! आई थेटरात शेवटच्या कधी गेल्या?"

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. "मागच्या वर्षी," धाकट्यानं ठोकून दिलं. पाटीवर लिहिलं होतं: धाकट्याच्या जन्माआधी.

"तिसरा आणि शेवटचा! आईंना असं काय येतं, जे तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला तेवढं येत नाही?"

"कुरडया!" "जात्यावरच्या ओव्या!" "सगळ्यांना सांभाळणं!" हे शेवटचं मोठी सून म्हणाली, आणि त्यावर टाळ्याही पडल्या. माईनं पाटी फिरवली. एकच शब्द, मोठ्या वळणदार अक्षरात: पोहणं.

हशा झाला. निवेदकाला वाटलं आजींनी विनोद केला. त्यानं माइकवरून त्याला दाद दिली. चिमी मात्र खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, "खरंच येतं! गोदेच्या पलीकडं जायची ती! बीडला!" तेवढ्यात ढोल वाजला आणि परभणीचं घराणं पुढं बोलावलं गेलं.

आबा हसले नाहीत.

जेवणाच्या टेबलावर माई बाळाला भरवत होती. तिचं ताट वाढून ठेवलेलं, त्यातली भजी गार झालेली. आबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ठेवून दिला.

"परतूरकडचा एक शेतकरी होता," ते म्हणाले. "टेलचा."

"आबा, आता नका कालवा काढू," धाकटा म्हणाला.

"ऐक जरा. दर आवर्तनाला चौकीवर यायचा. भांडायचा नाही. भाकर बांधून आणायचा, लिंबाखाली बसायचा. म्हणायचा, साहेब, तुमच्या वहीत माझं शेत भिजलंय, तेवढं एकदा येऊन बघा. मी गेलो. वरून चारी धरून खाली चालत गेलो. मला वाटलं, मध्ये कुणी चोर सापडंल. चोर सापडला नाही. एकानं दार अर्धी वीत जास्त उघडलं होतं. म्हणला, एवढ्यानं काय होतं. दुसऱ्यानं दोन तास जास्त पाळी घेतली होती, पोरगी आजारी होती त्याची, दार बंद करायला माणूस नव्हता. तिसऱ्यानं म्हशी धुवायला थोडं वळवलं होतं. सगळी भली माणसं. प्रत्येकानं थोडंथोडंच घेतलं होतं. खाली चारीत चिखल पण नव्हता."

टेबल गप्प झालं. चमचा वाजवत राहिलं ते एकटं बाळ.

"त्या माणसाचं शेत कोरडं का, हे मला दहा वर्षं वाटायचं वरचे लोक माजलेत म्हणून. तसं नव्हतं. त्यांना टेल दिसतच नव्हतं. वरून दिसत नाही ते. तिथं जावं लागतं." आबांनी माईच्या ताटाकडं पाहिलं. "मी 208 किलोमीटरच्या कालव्यावर कुठं कोण कोरडा राहिला ते सांगू शकतो. आणि ही पोहते, हे मला आज माइकवरून कळलं."

"जाऊ द्या हो," माई म्हणाली. "लेकरांच्या सुट्टीत कशाला."

"मग काय केलं त्याचं? त्या शेतकऱ्याचं?" मोठ्या सुनेनं विचारलं.

आबा नोकरीत असताना खात्यानं त्यांना नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर अभ्यासदौऱ्याला पाठवलं होतं. तिथं ओझरचे शेतकरी टेलचेच. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, आणि पुढं धरणाच्या सगळ्या लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. 2005 मध्ये राज्यानं पाणी वापर संस्थांचा कायदा केला तो नंतर. शहाण्या कालव्यावर एक साधी रीत असते: पाळी सोडताना टेलपासून सुरू करायचं आणि वर यायचं. वरच्याला पाणी मिळणारच असतं, त्याच्या दारातूनच जातं ते. आधी खालचा भिजला की वरचा आपोआप भिजतो. उलटं होत नाही.

आबांनी एवढं सगळं सांगितलं नाही. ते म्हणाले, "दार खालून उघडायला लागलो. बस."

धाकट्या सुनेनं बाळ उचललं. लेकीनं माईचं ताट नेऊन गरम भजी वाढून आणलं. काउंटरवर पिस्त्याचं आइस्क्रीम नव्हतं. मोठा अंबड फाट्यापर्यंत गाडी घेऊन गेला, तिथंही मिळालं नाही, व्हॅनिला घेऊन आला. माईनं ते खाल्लं आणि बरं आहे म्हणाली. ते काही बरं नव्हतं, वितळलं होतं.

सकाळी पूल सातला उघडला. मोठी सून काउंटरवर उभी राहिली. माईच्या मापाचा एकच पोशाख होता: पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, जांभळा आणि त्यावर पिवळे पट्टे.

"हे घालून मी लोकांत जाऊ?" माई म्हणाली. "या वयात?"

"माई, काल मी पण हेच म्हटलं होतं," धाकटी म्हणाली.

माईनं पोशाख हातात धरून उलटापालटा केला. मग खरं कारण बाहेर आलं. "अन् सामान कोण बघंल?"

"मी," आबा म्हणाले, आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढचा पाऊण तास आबांच्या नोकरीतल्या कुठल्याही आवर्तनापेक्षा धावपळीचा गेला. काही जुन्या सवयी एका रात्रीत जात नसतात. फोन त्यांच्याकडंच आले, किल्ली त्यांच्याकडंच, चपला त्यांच्याच पायाशी. पाकीट कुणाचं ते विसरले. डीलरचा म्हणून भलत्याच माणसाचा फोन उचलला आणि त्याला संध्याकाळी पंचवीस पाकिटं कबूल करून बसले. ओला टॉवेल कोरड्या ढिगावर टाकला, मग दोन्ही ढीग ओले झाले. बाळानं त्यांचा चष्मा ओढला. कुणाचा तरी पोरगा, त्यांच्या घरचा नव्हे, येऊन म्हणाला, "आजोबा, मला शू लागली." त्याला नेऊन आणेपर्यंत दोन चपला कुठं गेल्या कोण जाणे.

तिकडं माई शिडी धरून पाण्यात उतरली होती. छातीभर पाण्यात ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग हात पसरले, दोन-तीन हात मारले, दम लागला, खोकली, शिडीला येऊन टेकली. चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. खांदे वळत नव्हते. लाइफगार्ड काठानं तिच्या बरोबरीनं चालत होता, पण त्यानं हात पुढं केला नाही. दुसऱ्यांदा ती सुटली ती डोकं वर ठेवून, कुशीवर, लांब लांब हात टाकत. नदीचं पोहणं. पुलात पोहणारे सरळ रेषेत जातात. माई तिरपी निघाली. वाहत्या धारेचा हिशेब तिच्या अंगात बसलेला, आणि इथं धार नव्हती. त्यामुळं समोर जायच्या ऐवजी ती थेट वरच्या कोपऱ्याला, पोरांच्या घसरगुंडीखाली जाऊन लागली. चिमी टाळ्या पिटत ओरडली, "आजी, बीड तिकडं नाही, इकडंय!"

माईला ते एवढं हसू आलं की तिला घसरगुंडीचा खांब धरावा लागला.

मग ती परत आली, पुन्हा तिरपीच, आणि पुन्हा गेली. मोठा कमरेभर पाण्यात उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं मनगटाकडं पाहिलं. घड्याळ आबांकडं होतं.

"माई, दहाला रूम सोडायची आहे."

"आलेच," असं म्हणून माई शिडीपाशी आली, वर दोन पायऱ्या चढली आणि काठावर हात ठेवून तिनं खुर्चीकडं पाहिलं. "अहो, चप्पल द्या माझी. फरशी तापलीय."

आबांनी खुर्चीखाली पाहिलं. टॉवेल उचलले. पिशव्या सरकवल्या. तिथं पाच-सहा जणांच्या चपला होत्या, माईच्या मात्र नव्हत्या.

"इथंच तर होत्या," आबा म्हणाले. "थांब जरा, शोधतो."

"शोधा निवांत," माई म्हणाली. "सापडल्या की हाक मारा." आणि दोन पायऱ्या उतरून तिनं भिंतीला पाय लावला.